कांदळाचे बुडखे

मलकापुरात कोयनेच्या काठी धनगरांचा तळ उतरला त्या सकाळी सुलाबाईनं घोडीच्या पाठीवरचं ओझं सोडलं, आणि मग भान नसल्यासारखी तीच दोरी पुन्हा आवळायला लागली.

"आगं, आजच घाट उतरायचा हाय का?" तिची थोरली जाऊ हरणाबाई म्हणाली. "त्या घोडीला तरी इचार."

सुलाबाई हसली नाही. तिचं लक्ष रस्त्याकडं होतं. चिपळूणकडच्या बैलगाड्या कुंभार्ली घाट चढून याच रस्त्यानं कराडला येत. त्यांत गाडीवान कोंडीबाची गाडी दिसावी असं तिला वाटत होतं, आणि दिसू नये असंही वाटत होतं.

दरवर्षी दिवाळी झाली की माणदेशातल्या कोरड्या रानातून त्यांचा तळ निघायचा. तीनशे मेंढरं, चार घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं. थोरला दीर हरिबा म्हणेल ती वाट आणि म्हणेल तो मुक्काम. पाटण, हेळवाक करत घाट उतरायचा आणि खाडीवरच्या खाजणवाडीत जाऊन राहायचं. तिथं धोंडुबाईच्या आणि तिच्या भावकीच्या शेतांतली भातं तोवर कापून झालेली असत. रिकाम्या शेतांत मेंढरं बसवायची. लेंड्यांनी जमिनीला जोर यायचा, आणि बदल्यात तळाला पोटभर भात मिळायचा. हरिबाच्या बापापासून हे चालत आलं होतं. दसरा झाला की धोंडुबाई कोंडीबाच्या हाती निरोप धाडायची: भातं कापली, या.

यंदा निरोप आलाच नव्हता.

"इसरली असंल म्हातारी," असं म्हणून हरिबानं तळ हलवला होता. धोंडुबाई काही विसरणारी बाई नव्हे, हे सुलाबाईला पक्कं ठाऊक होतं. निरोप का आला नसेल याचीही तिला धास्तावणारी अटकळ होती. ती तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

सुलाबाईच्या बापाला मुलगा नव्हता. म्हसवडच्या रानात बाभळी छाटण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ती सगळी विद्या त्यानं लेकीला दिली होती. छाटायची आकडी कुठं घालायची, फांदी किती राखायची, कुठल्या महिन्यात झाडाला हात लावायचा नाही. नीट छाटलेली बाभळ दुसऱ्या वर्षी दुप्पट पाला देते. सुलाबाई झाडाकडं बघून सांगायची, इथं फुटंल, आणि तिथंच फुटायचं. म्हणून तळावर झाडाचा प्रश्न आला की पुरुषसुद्धा तिच्या तोंडाकडं बघायचे.

खाजणवाडीच्या खाडीत दोन जातींची झाडं होती. बांधालगत तिवर. त्याचा खारट पाला मेंढरं आवडीनं खायची. सुलाबाई दरवर्षी तो छाटायची आणि दरवर्षी तो बाभळीसारखा फुटून यायचा. तिवराच्या पुढं, थेट पाण्यात, कांदळ. वाकड्या मुळ्यांच्या तिकाटण्यांवर उभं राहिलेलं, जाड हिरव्या पानांचं झाड. मेंढरं त्याला तोंड लावत नसत, त्यामुळं सुलाबाईनंही कधी त्याला हात लावला नव्हता.

मग लढाई सुरू झाली आणि लांबत गेली. मलकापुरात लालासाहेबांचा कातडी कमावण्याचा कारखाना होता. पलटणीच्या बुटांना कातडं कमी पडायला लागलं. कातडं कमवायला साल लागते. जवळपासचा तरवड ओरबाडून झाला, शिराळ्याकडच्या बाभळी सोलून झाल्या, आणि आफ्रिकेतून येणारी साल जहाजं अडल्यामुळं बंद झाली. तेव्हा कुणीतरी लालासाहेबांना कांदळाच्या तांबड्या सालीचं सांगितलं. सालीच्या बदल्यात ते ज्वारी द्यायला तयार होते. माणदेशात दोन वर्षं पाऊस नव्हता. गेल्या वर्षी माघात हरिबानं खाजणवाडीच्या लोकांना बांधावर गोळा केलं आणि कांदळ तोडायची परवानगी मागितली.

लोक कुरकुरले. बांधाच्या आत भातशेती, बाहेर समुद्राचं पाणी, आणि मध्ये ही झाडं. धोंडुबाईनं कुठल्याच पुरुषाकडं पाहिलं नाही. ती म्हणाली, "सुलाबाय, तू सांग. ही झाडां परत येतील काय गो?"

"येतील की," सुलाबाई म्हणाली. "पुढच्या वर्षी दुप्पट. माझा शबूद घ्या."

बाभळ येते, तिवर येतं, मग कांदळ का येणार नाही? आपण कांदळाला कधी हातही लावलेला नाही हे तिनं सांगितलं नाही. सांगायला हवं असं त्या वेळी तिच्या मनातही आलं नाही. तिच्या त्या एका वाक्यावर गावानं होकार दिला. महिन्याभरात बांधासमोरचा सगळा कांदळ आडवा झाला. खाडीच्या तोंडाशी चिखल फार खोल होता, तिथली वीस-पंचवीस झाडं तेवढी उरली.

वैशाखात परत निघण्याआधी ती एकटीच ओहोटीच्या वेळी चिखलात उतरली होती. कांदळाबरोबरच छाटलेल्या तिवराला बोटाएवढे कोंभ आले होते. कांदळाच्या बुडख्यांना काहीच नव्हतं. तिनं एका बुडख्याची कड नखानं खरवडली. आत हिरवं लागलं नाही, तपकिरी आणि कोरडं लागलं. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. चाळीस बुडखे पाहिले आणि मोजणं सोडलं. भरती यायला लागली तशी ती बांधावर चढली. पूर्वी पाणी मुळ्यांतून वाट काढत मुकाट्यानं यायचं. आता ते सरळ येऊन बांधावर थापा मारत होतं. पाऊस पडला की फुटतील, असं स्वतःला सांगत ती घाट चढून आली होती. तेव्हापासून सहा महिने ती स्वतःला तेच सांगत होती.

कोंडीबाची गाडी दुपारी आली. गाडीत सालीच्या मोळ्या होत्या, कुठल्याशा दुसऱ्या खाडीवरच्या. कारखान्याच्या आवारात मोळ्या उतरवून तो तळावर आला तेव्हा हरिबा आणि सुलाबाईचा नवरा अर्जुना लालासाहेबांबरोबर झाडाखाली बसले होते.

"या कोंडीबा! म्हातारी जित्ती हाय न्हवं?" हरिबानं विचारलं.

"हाय की. निरोप दिलाय." कोंडीबानं टोपी काढून घाम पुसला. "म्हणाली, यायचं आसंल तर कुऱ्हाडी घाटावर ठिवून या. आन् सुलाबाईला समद्यांच्या आदी धाडा."

"आन् आमाला मागनं? आमी काय पाप केलं?" हरिबा हसला.

"मला काय ठावं? मी निरोप्या. तिनं चा सुदिक दिला न्हाई औंदा."

हरिबानं मांडीवर थाप मारली. "कळलं मला. दुसऱ्या कुणाचा डोळा हाय त्या झाडांवर. आमच्या हातात कुऱ्हाड नगं म्हणजे त्याला रान मोकळं. लालासाब, तोंडावरली झाडं ऱ्हायली हायेत ती पयल्यांदा घेतो. औंदा पौषातच साल धाडतो तुमाला."

"चिखल खोल आहे म्हणाला होतास," लालासाहेब म्हणाले.

"फळ्या टाकून जाऊ. मागची तोडल्याली एव्हाना कंबरेएवढी झाली आसतील. गाव न्हाई कशाला म्हणंल?"

लालासाहेबांनी गड्याकडून दहा नव्या कुऱ्हाडी मागवल्या. लोखंड मिळत नव्हतं त्या दिवसांत दहा कुऱ्हाडी ही लहान गोष्ट नव्हती. हरिबानं एकीची धार अंगठ्यावर पाहिली आणि खूश होऊन अर्जुनाकडं दिली. पलीकडं चुलीपाशी बसलेल्या सुलाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

हात धुऊन ती कोंडीबाच्या गाडीकडं गेली. तो बैलांना वैरण टाकत होता.

"दादा, बांध कसा हाय?"

"कुठला बांध?"

"खाजणवाडीचा. भाताचा."

"श्रावणात उधाणाचं पाणी आत आलं म्हणत्यात. म्या न्हाई बगितलं, माझी गाडी वरच्या आळीत थांबती." त्यानं तिच्याकडं निरखून पाहिलं. "तुजं तोंड आसं का झालंय गं?"

"आन् झाडं? तोडल्याली? फुटली का?"

"त्या चिखलात कोण बगाय जातंय बाई? पर धोंडुबाईच्या शेतात औंदा कापणीला माणसं न्हवती, एवढं खरं. कापायला काय होतंच कुठं."

गाडीच्या फळीवर सालीबरोबर आलेली एक हिरवी शेंग पडली होती, हातभर लांब, खाली टोकदार. कांदळाची शेंग. तिनं ती उचलली. झाडावर असतानाच हिला मूळ धरायची घाई असते, आषाढात गळून ती चिखलात उभी रुतते, असं धोंडुबाईनंच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. खाडीच्या तोंडाशी उरलेल्या झाडांखाली तिनं वैशाखात वीतभर उंचीची रोपं उभी पाहिली होती. फक्त तिथंच. बुडख्यांच्या रानात एकही नव्हतं. आता ते दोन्ही देखावे तिच्या डोळ्यांसमोर एकाशेजारी एक आले. कांदळ बुडख्यातून येत नाही. ते शेंगेतून येतं, आणि शेंगा धरणारी झाडं तेवढी वीस-पंचवीस उरली आहेत. ती पौषात जातील.

थोरल्या दिराशी ती समोरासमोर कधी बोलत नसे. काही सांगायचं असलं की जाऊबाईला सांगायचं आणि त्यानं ऐकायचं, अशी रीत होती. ती परत आली तोवर लालासाहेब गेले होते. हरिबा पाठमोरा बसून कुऱ्हाडींना दांडे बसवत होता. सुलाबाई हरणाबाईपुढं उभी राहिली.

"आक्का, त्यास्नी सांगा, त्या कुऱ्हाडी माघारी द्या म्हणावं."

हरिबाचा हात थांबला. मान वळली नाही.

"काय म्हणती ही?" हरणाबाई म्हणाली. "ऊन लागलं का काय तुला?"

"तोडल्याली झाडं फुटली न्हाईत. म्या वैशाखातच बगितली. मेली हायेत समदी."

"वैशाखात?" हा अर्जुना होता. तो मेंढरांकडं निघाला होता, तो माघारी वळला. "आन् बोलली न्हाईस?"

"पावसात फुटतील वाटलं."

"तू तर म्हणाली व्हतीस दुप्पट येत्यात!" हरणाबाईचा आवाज चढला. "बापाचं नाव सांगून सांगून आमचं कान किटवलंस. बाभळीची पंडितीण! आन् आता म्हणती मेली?"

"कांदळ बाभळीवानी न्हाई आक्का. मला ठावं न्हवतं."

"ठावं न्हवतं तर तोंड कशाला उगडलंस?"

हरिबा हरणाबाईलाच म्हणाला, पण ऐकवायचं सुलाबाईला होतं: "इचार तिला, बांध फुटलाय का?"

"उधाणाचं पाणी आत गेलंय म्हणत्यात," सुलाबाई म्हणाली. "कापाय काय न्हवतं म्हणं शेतात."

नदीवर एका मेंढीनं ओरडायला सुरुवात केली आणि थांबेना. हरिबानं दांडा बसवलेली कुऱ्हाड हळूच जमिनीवर ठेवली.

"आपण आंबा घाटानं उतरू," तो अर्जुनाला म्हणाला. "रत्नांगिरीकडं कुठंबी जागा मिळंल. खाजणवाडीचं नाव घ्याचं न्हाई. तिकडंबी खाडी हाय, तिकडंबी ही झाडं आसतील."

सुलाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या दिराच्या समोर जाऊन उभी राहिली.

"भावजी, तिकडली झाडंबी मरतील," ती म्हणाली. "तिथंबी बांध आसतील. तिथं बायका इचारतील तवा म्या काय सांगू?"

हरणाबाईनं तोंडावर हात ठेवला. हरिबा तिच्याकडं न पाहता जमिनीकडं पाहत राहिला. चिडला होता की लाजला होता, ते कळत नव्हतं.

"मग काय करावं म्हणतीस?" तो शेवटी म्हणाला. तोही तिच्याशी पहिल्यांदाच सरळ बोलत होता. "जाऊन त्यांच्या शिव्या खायच्या? आन् पोरांनी काय खायाचं?"

"मेंढरं त्यांच्याच शेतात बसवायची. खारानं जमीन मेली आसंल, तिला खत लागंल. भात नका मागू औंदा. बांध बांधायला आपली माणसं लावा." ती थांबली. "आन् आखाडात त्या तोंडावरल्या झाडांच्या शेंगा गळतात. त्या गोळा करून बांधाम्होरं चिखलात रोवायच्या. रोज भरतीच्या आदी. मी ऱ्हाती तिथं."

"पावसाळाभर?" अर्जुना म्हणाला.

"व्हय."

पावसाळ्यात धनगर कोकणात राहत नाही. चिखलानं मेंढरांच्या खुरांना कीड लागते, थंडीनं कोकरं मरतात. मृग लागायच्या आत तळानं घाट चढलाच पाहिजे. म्हणजे तळ वर येणार आणि ती एकटी खाली राहणार, परक्या गावात, ज्या गावाची शेतं तिच्या शब्दानं गेली त्यांच्याच ओसरीवर. अर्जुनानं हे सगळं मनात जुळवलेलं तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आन् रुजल्या न्हाईत तर?" त्यानं विचारलं.

"ठावं न्हाई. भरतीत वाहूनबी जातील. म्या कधी लावल्या न्हाईत."

हरिबा उठला. त्यानं कुऱ्हाडी गोळा केल्या, दांडे बसवलेल्याही आणि न बसवलेल्याही, आणि घोंगडीत बांधल्या.

"कोकणातली लोकं खाडीला खाडी लागून ऱ्हात्यात," तो म्हणाला. "हिकडला बांध आमच्यामुळं फुटला ही बातमी आपल्या आदी रत्नांगिरीत पोचंल. मग कुणीच मेंढरं बसवून घेणार न्हाई. एवढं कळतंय मला. तुझ्या सांगण्यावर जात न्हाई मी." गाठ आवळून तो पुन्हा बोलला, आता नेहमीसारखा हरणाबाईकडं बघून: "सांग तिला, कोंडीबाची गाडी उद्या रिकामी उतरती. तिच्यातनं म्होरं जा म्हणावं. आमी सा दिसांनी येतो. शिव्या समद्या संपवून ठिव."

लालासाहेबांकडून तो तासाभरानं आला. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. हातात घोंगडी मोकळी होती, आणि तळाच्या स्वतःच्या चार कुऱ्हाडीही त्यानं तिथंच ठेवल्या होत्या. नेहमी मलकापूर सोडताना घोड्यांवर ज्वारीची दोन पोती चढत. त्या दिवशी चढली नाहीत. हरणाबाईनं रिकामी पोती झटकून घडी घातली आणि सुलाबाईकडं न बघता तिच्या गाठोड्यात नाचणीच्या चार भाकरी टाकल्या.

पाटणचा मुक्काम झाला, मग हेळवाकचा. तिसऱ्या सकाळी कोंडीबाची गाडी कुंभार्लीच्या माथ्यावर आली. खाली धुकं होतं, खाडी दिसत नव्हती. उतारावर गाडी पळू नये म्हणून कोंडीबानं तिच्या मागं साखळीनं एक ओंडका बांधला. ओंडका रस्त्यावर घासत होता आणि बैल एकेक पाऊल मोजून टाकत होते. सुलाबाई मागच्या फळीवर पाय सोडून बसली होती. तिनं गाठोडं दोनदा सोडून पुन्हा बांधलं. धोंडुबाईला पहिलं वाक्य काय बोलायचं हे ती पाटणपासून जुळवत होती आणि प्रत्येक वळणाला ते मोडत होतं.

चौथ्या वळणावर डोक्यावर सुक्या मासळीच्या पाट्या घेतलेल्या दोन बाया वर येताना दिसल्या. सुलाबाईनं विचारलं, "बाई, खाजणवाडीकडनं आलात का?"

"त्याच अंगानं," पुढची म्हणाली. दम घ्यायला तिनं पाटी कठड्यावर टेकवली. "का गो?"

"बांध फुटला म्हणत्यात तिथला."

"बाहेरचा फुटला, श्रावणात. आतला, वरल्या शेतांचा, हाय अजून. पण त्याला भगदाड पडलांय. पुनवेच्या भरतीक तो जातो की ऱ्हातो, म्हणून सगळा गाव मातीच्या पाट्या वाहतोय. बाया, पोरां, सगळी."

"पुनव कवा?"

"परवा."

कोंडीबाच्या गाडीला खाली पोचायला संध्याकाळ होणार होती, आणि तिथून खाजणवाडी आणखी एक दिवस, म्हणजे माती वाहायला एकही दिवस उरत नव्हता. ओंडका खरखरत होता. सुलाबाईनं गाठोडं पाठीला बांधलं आणि गाडी चालू असतानाच खाली उडी मारली.

"आगं, पडशील!" कोंडीबा ओरडला. "दमानं! वाट ठावी हाय का तुला एकटीला?"

"मेंढरांची आडवाट ठावी हाय," ती म्हणाली. वळणं सोडून सरळ खाली जाणारी पायवाट कठड्याशेजारूनच उतरत होती, दगडगोट्यांची, दवानं ओली. तिनं लुगड्याचा काचा वर खोचला आणि धुक्यात उतरायला लागली.